कौलभट्टीचा थांबा

लुओ चेनहाय तारेला चिकटून खाली पडला आणि मेला, तेव्हा त्या शिडीच्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना मी कुठं होतो ते माहीत असलेलं बरं.

आमचं लांगच्यांग डोंगरावरून नदीपर्यंत घसरत आलेलं शहर. एक नंबरची बस वरच्या कापडगिरणीपासून खाली धक्क्यापर्यंत जायची; एरवी मी तीच चालवायचो, शिडीची गाडी त्या कामापुरती. टपावर दोन लांब दांडे, ते वरच्या विजेच्या तारांना टेकलेले, म्हणून लोक तिला ‘वेणीवाली’ म्हणायचे. धूर नाही, घरघर नाही. चढावरसुद्धा म्हाताऱ्या खिडकीशी डुलक्या घ्यायच्या. अकरा वर्षांपूर्वी वरच्या मंडळींच्या डोक्यात आलं, की मोठ्या होऊ घातलेल्या शहराला हे तारांचं जाळं शोभत नाही. रस्ता रुंद करायचा, तारा काढायच्या, डिझेलच्या गाड्या आणायच्या.

ते काम वाहतूक कचेरीचे उपप्रमुख फेइ शाओगुआंग यांच्याकडे होतं. नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि फेइ साहेबांना त्याआधी आकाश मोकळं हवं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः मुकादमाला फोनवर सांगितलं, “लाइन बंद आहे. चढवा माणसं.”

लाइन बंद नव्हती. पाहुण्यांना शेवटची एक फेरी दाखवायची म्हणून धक्क्याकडे एक वेणीवाली फुलांनी सजवून ठेवली होती, तिच्यासाठी वीज सोडलेली होती. तारा काढणाऱ्या टोळीतल्या चेनहायनं वर चढून पकड लावली. मला वर चरचरल्यासारखा आवाज आला आणि दुसऱ्या क्षणी समोरच्या काचेवर त्याचं पिवळं हेल्मेट आपटलं.

चेनहाय माझ्याच मजल्यावर राहायचा. त्याला दारू सोसत नसे. बोटभर तांदळाची दारू पोटात गेली तरी कानापर्यंत लाल व्हायचा, अंगावर गांधी उठायच्या. स्वतःच्या लग्नात त्यानं आंबट आलुबुखारचं पाणी पिऊन सगळ्या टेबलांचे मानाचे प्याले उरकले होते. आणि अहवालात लिहिलं गेलं, की मृत कामगार दारूच्या नशेत होता.

खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. एक मुकादमाची, तो पुढं दोन वर्षांनी गेला. दुसरी माझी. तिंग माओशंग.

फेइ साहेबांनी मला खोलीत बोलावून धमकावलं वगैरे नाही. चहा दिला. म्हणाले, “माओशंग, वेणीवाल्यांचे साठ चालक आहेत. नव्या गाड्यांवर चाळीसच लागणार. कोण ठेवायचे ते मलाच ठरवायचंय.” माझी बायको तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी होती. मी कागद वाचलासुद्धा पूर्ण. वाचून सही केली.

चेनहायची बायको म्याओ सूछिन तेव्हा एक नंबरवर कंडक्टर होती. खणखणीत आवाजाची बाई. “मागं सरका, मागं काय सासरवाडी आहे का!” असं ओरडली की आख्खी बस हसत मागं सरकायची. नवऱ्याच्या तेराव्या दिवशी ती कचेरीत गेली. म्हणाली, “तो शब्द काढा.” त्यांनी सांगितलं, अर्ज लिहा. लिहिला. म्हणाले, हा नमुना चुकला, दुसरा आणा. तो आणला. साहेब दौऱ्यावर आहेत. साक्षीदारांची नावं दाखवा म्हणाली, तर ती गोपनीय. असे सतरा हेलपाटे झाले. सतराव्या वेळी फेइ साहेब दारात भेटले आणि तिच्याकडे न बघता शिपायाला म्हणाले, “या बाईला कुणीतरी घरी सोडा. नवऱ्यासारखीच दिसतेय, पाय ठरत नाहीत.”

हे ती कुणाला सांगत बसली नाही. मला शिपायानं सांगितलं. तिची पोरगी वेइवेइ तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत पोरं तिच्यापुढं झिंगल्यासारखी झोकांड्या खात चालायची. ती घरी येऊन दप्तर आपटायची आणि सूछिन मुळा चिरत राहायची. भिंतीपलीकडून मला सुरीचा आवाज यायचा. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

पुढं तिकिटाची यंत्रं आली, कंडक्टर गेले. सूछिनला माणसं मोजायच्या कामावर टाकलं. हातात खटक्याचं मोजणीयंत्र घेऊन ती उन्हापावसात थांब्यांवर उभी राहायची, कोण चढलं, कोण उतरलं. बाकीचे कंटाळून आकडे मनानं भरत; ती भरत नसे. रात्रशाळेत जाऊन तिनं नकाशे शिकले, परीक्षा दिली आणि सहा वर्षांनी मार्ग-आखणी कचेरीत टेबलावर बसली. कुठल्या गल्लीतून सकाळी किती माणूस बाहेर पडतं हे तिला तोंडपाठ होतं. नदीपलीकडं नवं शहर उठत होतं, चाळीस-चाळीस मजल्यांचं. नवे तरुण इंजिनियर मोठमोठे पडदे लावून बोलायचे आणि शेवटी तिच्याकडं वळून विचारायचे, “ताई, हे बरोबर आहे का?”

डिझेलच्या गाड्यांनी चढावरची घरं काळी केली. मग बॅटरीच्या आल्या. सपाटीवर छान पळायच्या, पण आमच्या चढानं आणि हिवाळ्यानं त्यांचा जीव दुपारीच संपायचा, आणि चार्जिंगला गाड्यांची रांग लागायची. तेव्हा ठरलं की चढावर पुन्हा तारा बांधायच्या. गाडी चढताना तारेवर चालेल, चालता चालता बॅटरी भरून घेईल, पूल ओलांडला की दांडे खाली घेऊन नव्या शहरात बॅटरीवर फिरेल. ज्या तारा काढताना माझा शेजारी मेला त्या तारा अकरा वर्षांनी परत येणार होत्या. सभेत हे जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूछिननंही वाजवल्या. मी तिच्या हातांकडं बघत होतो. ती सगळ्यांच्या नंतरही दोन-तीन वेळा वाजवत राहिली.

एक नंबरच्या चढावरचे थांबे ठरवायचं काम तिच्याकडं आलं.

एकदा ती डेपोत माझ्याकडं आली. हातात कागद. “माओशंगदादा, चालकाचं मत लागतं. इथं सही कर.”

कागदावर लिहिलं होतं, की कौलभट्टीच्या थांब्यावर चढ फार तीव्र आहे, नवी लांब गाडी तिथं थांबवून पुन्हा सुरू करणं धोक्याचं आहे, सबब थांबा रद्द करावा. मी त्या थांब्यावर वीस वर्षं गाडी थांबवत होतो. चढ आहे, पण थांब्याच्या जागी रस्ता जरा पसरलेला आहे. झोपेतसुद्धा थांबवता येईल.

“मोजलंस कुठं?” मी विचारलं.

“मोजलं ना. आकडा खरा आहे.”

“कुठं टेप लावलीस?”

“चाळीस पावलं खाली.” तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. “कौलभट्टीत राहतो तो. फेइ. बायकोचं जुनं घर आहे गल्लीत, रिटायर झाल्यावर तिथंच आलाय. बायको गेली, पोरगी कुनमिंगला. दोन्ही गुडघे गेलेत त्याचे. थांबा त्याच्या दारापासून साठ पावलांवर आहे.”

“आणि पुढचा?”

“सातशे मीटर. मध्ये एकशे बारा पायऱ्या.” ती हसली. इतक्या वर्षांत तिचं असं हसणं मी पाहिलं नव्हतं. “त्यानं मला सतरा वेळा चालवलं, दादा. मी त्याला रोज चालवणार आहे.”

मी सही केली. मला वाटलं, एवढं तरी तिच्यासाठी करावं. मी स्वतःला असंही सांगितलं, की या सहीनं ती सही थोडी फिटेल.

शरदात नवी गाडी सुरू झाली. तिचं कौतुक मी करू नये, पण गोष्टच तशी होती. पहिल्या फेरीला लोकांनी दांड्यांना लाल फिती बांधल्या. चढ असा गेला की चहा सांडला नसता. कौलभट्टीपाशी जुन्या थांब्याचा खांब काढून टाकला होता, फरशीत चार बोल्टांची भोकं उरली होती. तिथं माणसं हात करून उभी होती. मी थांबलो नाही. आरशात तान आजी दिसली. ती कौलभट्टीच्या गल्लीत राहून टोफू विकते. तिनं मागून ओरडून माझ्या आईची आठवण काढली.

दुसऱ्या आठवड्यात मला सूछिन दिसली. सकाळी आठच्या सुमारास, पायऱ्यांच्या वरच्या तोंडाशी शेवयांचा ठेला आहे तिथं. हातात वाटी, तोंड पायऱ्यांकडं. खालून फेइ साहेब येत होते. काठी, एक पायरी, दुसरा पाय ओढून त्याच पायरीवर, मग श्वास. रोज ते खाली धक्क्याजवळच्या चहाघरात बुद्धिबळ खेळायला जात, तिथं त्यांच्यासारखेच जुने अधिकारी जमतात. बस पकडायला आता आधी वर चढायला लागत होतं. सूछिन शेवटच्या पायरीपर्यंत बघायची, मग वाटीतला रस्सा पिऊन कचेरीत जायची. ठेलेवाल्यानं मला सांगितलं, “ही बाई रोज येते. तिखट दुप्पट घालायला लावते आणि म्हणते, आज काय चव आलीय!”

साहेब थांब्यावर पोचून माझ्या गाडीत चढले की पहिल्या सीटवर बसत. चेहरा घामानं ओला. मला ओळखून म्हणायचे, “माओशंग, थांबा का काढला रे? कुठल्या गाढवाची अक्कल?”

मी म्हणायचो, “वरून आदेश आहे, साहेब.”

हिवाळा लागला. पायऱ्यांवर शेवाळ आणि धुकं. फेइ साहेबांनी गल्लीतल्या चाळीस घरांच्या सह्या गोळा करून अर्ज केला. त्यांना अर्ज करायची सवय नव्हती, घ्यायची होती. कचेरीतल्या खिडकीवर सूछिन बसलेली. टेबलावर तिच्या नावाची पाटी. त्यांनी ती वाचली आणि काहीच आठवलं नाही. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिच्या मानेवरची शीर उडत होती. “माझं नाव वाचलं त्यानं. मोठ्यानं वाचलं, म्याओ सूछिन मॅडम म्हणाला. त्याला आठवलं नाही, दादा!”

ती त्यांना म्हणाली, हा नमुना चुकला.

आठवड्यानं ते दुसरा नमुना घेऊन आले. ती म्हणाली, प्रत्येक घराच्या नोंदणीपत्राची प्रत जोडा. ते तिसऱ्यांदा आले तेव्हा योगायोगानं मीही तिथं पाळ्यांचं वेळापत्रक न्यायला गेलो होतो. साहेबांनी गठ्ठा खिडकीत ठेवला आणि खांबाला टेकून उभे राहिले.

“बाई, आता तरी बघा. मी सत्तर वर्षांचा माणूस आहे.”

“दिसतंय. पाय ठरत नाहीत तुमचे.”

“काय म्हणालात?”

“म्हटलं, पाय ठरत नाहीत. सकाळीच घेता का थोडी?”

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. सगळी वळली. फेइ साहेबांचा चेहरा पांढरा पडला. “मी कोण आहे तुम्हाला माहीत आहे का?”

सूछिन उठून उभी राहिली. “मला माहीत आहे. तुम्हाला मी माहीत नाही, हीच तर गंमत आहे. लुओ चेनहायची बायको. कापडगिरणीच्या फाटकासमोर तारेवर चिकटला तो चेनहाय. ज्याला तुम्ही मेल्यावर दारू पाजलीत.”

साहेबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग हळूच म्हणाले, “म्हणजे थांबा तू काढलास.”

“नियमानं काढलाय. चढ मोजलाय. चालकाचं मत आहे.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “हा इथंच आहे, विचारा.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्या एका नजरेत ते हसले. त्यांना सगळं समजलं, आणि मला समजलं की त्यांना समजलं. मी वेळापत्रक न घेताच बाहेर पडलो.

मागून सूछिनचा आवाज येत होता, तोच जुना, बसमधला. “एक शब्द खोडायचाय, साहेब. तुमच्या हातानं लिहून द्या की तो प्यायला नव्हता आणि लाइन बंद आहे असं तुम्ही खोटं सांगितलं होतं. तोवर चाला!”

त्यांनी लिहून दिलं नाही. ते काठी टेकत निघून गेले आणि दोन आठवडे घराबाहेर पडले नाहीत. सूछिन ठेल्यावर येऊन रिकाम्या पायऱ्या बघायची. मग एका रविवारी ती स्वतः कौलभट्टीत उतरली. गल्लीतल्या चहाच्या टपरीवर बायका माजोंग खेळत होत्या. तिनं खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं, की थांबा मी काढला, कुणामुळं काढला, आणि कधी परत येईल. “मला शिव्या द्या, हरकत नाही. पण दाराशी बसायचं असेल तर त्याच्या बसा.”

गल्ली दोन दिवस तिला शिव्या देत होती. तिसऱ्या दिवशी तान आजी टोफूच्या बादल्या घेऊन शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडलं. एक ओळ लिहिली की थांबा परत येतो, मग हा म्हातारा लिहीत का नाही, म्हणून गल्ली फेइ साहेबांवर फिरली. फेइ साहेबांचं पाणी भरणाऱ्या बाईनं काम सोडलं. भाजीवाला त्यांच्या दारावरून गप्प जाऊ लागला. चहाघरातले बुद्धिबळवाले मित्र, सगळे जुने अधिकारी, त्यांच्या कानावर गोष्ट गेली, त्यांच्यातला एकजण फोनवर म्हणाला म्हणे, “शाओगुआंग, काही दिवस येऊ नकोस. आमची नावंही उगाच निघतील.” आणि तान आजी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून त्यांच्या उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसली. दाराच्या फटीतून आत बोलायची.

“फेइ, अरे ए फेइ! आहेस का मेलास? एक ओळ लिहायला किती शाई लागते रे? माझ्या हाताला प्लास्टर आहे, नाहीतर मीच लिहिली असती.”

अकराव्या दिवशी दार उघडलं. त्यांनी चार पानी कागद आजीच्या चांगल्या हातात दिला आणि पुन्हा कडी लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला डेपोत रोजच्यासारखी चालकांची हजेरी होती. आम्ही पन्नासेक जण जाकिटांत हात खुपसून उभे. सूछिन आली. डेपोप्रमुखाला म्हणाली, पाच मिनिटं हवीत. त्यानं गोष्ट ऐकलेली होती, मान हलवली.

“चेनहायला तुमच्यातले पुष्कळजण ओळखत होते,” ती म्हणाली. “अकरा वर्षं तुमच्यातले काही माझ्यासमोर दारूचा विषय निघाला की खोकायचे. आज एक कागद ऐका. माझा आवाज नीट लागणार नाही. माओशंगदादा, तू वाच. तू शेजारी होतास.”

तिनं कागद माझ्या हातात ठेवला.

मी वाचायला लागलो. फेइ साहेबांचं अक्षर सुरेख आहे. त्यांनी काही लपवलं नव्हतं. फोन कुठून केला, वीज का चालू ठेवली, पाहुण्यांची वेळ काय होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की मृत कामगाराच्या तोंडाला दारूचा वास नव्हता हे मला ठाऊक होतं. कुणीतरी मागं हुंदका दिला. चेनहायच्या जुन्या टोळीतला असणार. मी तिसरं पान उलटलं.

“अहवाल पक्का व्हावा म्हणून मी दोन साक्षीदार घेतले. पहिला मुकादम. दुसरा शिडीच्या गाडीचा चालक. तो घटनास्थळी होता आणि मृत कामगार शुद्धीत होता हे त्यानं प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्याला मी नोकरीवर ठेवण्याचं आश्वासन दिलं. त्याचं नाव…”

तिथं मी थांबलो. अक्षर सुरेखच होतं. वाचता येत नव्हतं असं नाही.

“पुढं वाच,” सूछिन म्हणाली.

मी मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती, जशी ती आठ वाजता पायऱ्यांकडं बघायची तशी. तिनं तो कागद आदल्या रात्री वाचला होता. भिंतीपलीकडं मी झोपलेला असताना.

“सूछिन, मी…”

“वाच, दादा. तुझंच नाव ओळखीचं नाही का? काही महिन्यांपूर्वी मीही तुझ्याकडनं एक खोटी सही घेतली. तू विचारलंससुद्धा नाहीस फारसं. मागेल त्याला देतोस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.” तिचा आवाज चढला नाही. “नाव वाच. मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

मी माझं नाव वाचलं.

थोड्या वेळानं समोरच्या रांगेतला एकजण जमिनीवर थुंकला आणि गाडीकडं चालू लागला. मग बाकीचेही गेले. सहाची पहिली फेरी माझीच होती. डेपोप्रमुख म्हणाला, “जा. लोक थांबलेत.” मी गेलो.

घरी बायकोला सांगायला लागलंच. तिनं ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे अकरा वर्षं मी सूछिनच्या घरी सणाला उकडलेली डंपलिंग्ज नेऊन देत होते, तेव्हा तुला माहीत होतं?” मी हो म्हटलं. ती त्या रात्री पोराच्या खोलीत झोपली, आणि बरेच दिवस तिथंच झोपत होती.

पुढचं कागदोपत्री झालं. फेइ साहेबांचा जबाब वर गेला, चौकशी बसली. कुणाला तुरुंग झाला नाही; फार वर्षं झाली, मुकादम गेलेला, साहेब रिटायर. पण जुना अहवाल रद्द झाला आणि सूछिनच्या हातात नवं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की लुओ चेनहाय कर्तव्यावर असताना, शुद्धीत, वरिष्ठांच्या चुकीच्या आदेशामुळं मृत्युमुखी पडले. तिनं त्याची मोठी प्रत काढून डेपोच्या फलकावर लावली आणि एक वेइवेइच्या जुन्या शाळेच्या फाटकावर चिकटवली. शाळेनं दुपारी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लावली.

थांब्याचं तिनं स्वतःच कबूल केलं. लेखी दिलं, की टेप मुद्दाम खाली लावली. कचेरीनं तिची बढती रोखली आणि नोंदीत शेरा मारला. कबुली देताना तिला विचारलं, पश्चात्ताप आहे का. ती म्हणाली, “तान आजीच्या हाताचा आहे. बाकीचा नाही.” आजीकडं ती स्वतः गेली. आजीनं तिला सगळ्या गल्लीसमोर उभं करून तासभर झाडलं. म्हाताऱ्या माणसांना आपल्या भांडणात लाकडासारखं जाळतेस का, असं विचारलं. सूछिननं खाली मान घालून ऐकलं आणि मनगट बरं होईपर्यंत रोज पहाटे आजीच्या बादल्या वाहिल्या.

फेइ साहेबांना त्यांची पोरगी येऊन घेऊन गेली. टॅक्सी गल्लीत शिरत नाही, म्हणून दोघा हमालांनी त्यांना खुर्चीत बसवून त्या पायऱ्यांवरून वर आणलं. सूछिन ठेल्यावर होती. ते तिच्यासमोरून गेले तेव्हा म्हणाले, “झालं ना तुझ्या मनासारखं?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही अजून जिवंत आहात.”

पोरगी रडायला लागली. सूछिननं वाटीतला रस्सा संपवला.

वसंतात कौलभट्टीचा खांब पुन्हा बसला.

मी बदली मागितली. तेवीस नंबरला द्या म्हटलं, सपाटीवरचा आहे, तारा नाहीत. वेणीवाली चालवणारे जुने हात थोडे, म्हणून अर्ज नामंजूर झाला. नंतर कळलं की चालकांच्या यादीवर आखणी कचेरीचं मत मागवतात, आणि सूछिननं लिहिलं होतं, “हा चालक एक नंबरवरच आवश्यक.” माझ्याविरुद्ध तिनं एकही तक्रार केली नाही. जिन्यात भेटलो तेव्हा मी म्हटलं, “तक्रार कर. काढून टाकू देत मला.”

“का? तुला सुटायचंय?” तिनं किल्ली कुलपात घातली. “चालव. ज्यासाठी सही केलीस ते मिळालंय ना तुला? मग चालव.”

मला निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत. चालक माझ्याशी कामापुरतं बोलतात. परवा सकाळी कौलभट्टीला तान आजी आणि सूछिन चढल्या, दोघींच्या मध्ये टोफूची बादली. पुढच्या दारात माझ्यापाशी कार्ड लावायला लागतं. त्या मधल्या दारानं चढल्या आणि कार्ड माणसांच्या हातांवरून पुढं आलं. मी ते लावून परत पाठवलं. आजी कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होती आणि सूछिन हसत होती. मी दोघी बसेपर्यंत ब्रेक धरून ठेवला, मग चढाला लागलो.